रेव्हिट: निळी तात्पुरती मापं भिंतीच्या मध्यातून येतात, १२०० चं न्हाणीघर ९९९.५ झालं

नवा_नकाशा

रेव्हिटमध्ये (इमारतीचं मॉडेल आणि नकाशे करायचं सॉफ्टवेअर) बंगल्याचा प्लॅन चालू आहे, प्रोजेक्ट मिलिमीटरमध्ये. बाहेरच्या भिंती २३० वीटकाम, आतून १२ आणि बाहेरून २० गिलावा. आतल्या पडद्या ११५ च्या, दोन्ही बाजूंनी १२. गिलाव्याचे थर भिंतीच्या टाइपमध्येच दिले आहेत, म्हणजे बाहेरची भिंत २६२ आणि आतली १३९ जाडीची.

न्हाणीघराची आतली रुंदी गिलावा धरून १२०० हवी. बाहेरची भिंत निवडली तर निळं तात्पुरतं माप १४००.५ दाखवतं. ते चुकीचं समजून त्यावर १२०० टाइप केलं, तर न्हाणीघर आतून ९९९.५ झालं आणि बाहेरचं साइड मार्जिन १५०० होतं ते १७००.५ झालं. अंडू करून परत आलोय.

प्रश्न असे:
हे माप भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापासून कसं आणायचं?
दाराचं मापही मध्यापासून येतं, ते चौकटीच्या कडेपासून हवं.
अर्धा मिलिमीटर कुठून आला?
४के मॉनिटरवर हे आकडे मुंगीएवढे दिसतात, मोठे करता येतात का?
दोन भिंती एकदम निवडल्या की मापं गायबच होतात, का?
आणि नको असतील तेव्हा ही मापं बंद करायची एखादी की आहे का?

---

ओळंबा

आधी आकडा सोडवू, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे. तुमचं न्हाणीघर मुळात बरोबर होतं. बाहेरच्या भिंतीचा मध्य ते तिचा आतला पृष्ठभाग १३१, मग मोकळी जागा १२००, मग पडदीचा पृष्ठभाग ते तिचा मध्य ६९.५. बेरीज १४००.५. अर्धा मिलिमीटर १३९ ला दोनाने भागल्यामुळे आला, भिंत कुठेही सरकलेली नव्हती. तुम्ही मध्य ते मध्य १२०० करायला सांगितलंत, रेव्हिटने केलं, आणि २००.५ खोलीतून गेले.

ते मार्जिनमध्ये का गेले? तात्पुरत्या मापावर आकडा बदलला की निवडलेली वस्तू हलते, समोरची जागची हलत नाही. तुम्ही बाहेरची भिंत निवडली होती, ती आत सरकली. खोलीची रुंदी बदलायची असेल तर पडदी निवडून आकडा बदला. मार्जिन, कॉलमची ओळ, ग्रिडवर बसलेली भिंत अशा गोष्टी पिन करून ठेवा (निवडा आणि की-बोर्डवर पी-एन), म्हणजे चुकून आकडा टाइप झाला तरी पिन काढल्याशिवाय त्या हलणार नाहीत.

आता सेटिंग. मॅनेज टॅब, त्यात ॲडिशनल सेटिंग्ज, तिथल्या यादीत खाली टेम्पररी डायमेन्शन्स. छोटी खिडकी उघडते, तिचे दोन भाग. भिंतींसाठी चार पर्याय: सेंटरलाइन्स, फेसेस, सेंटर ऑफ कोअर, फेसेस ऑफ कोअर (कोअर म्हणजे गिलावा सोडून उरलेलं वीटकाम). दारं-खिडक्यांसाठी दोन: सेंटरलाइन्स आणि ओपनिंग्ज. तुमच्या कामाला भिंतींना फेसेस आणि दारांना ओपनिंग्ज लावा. लगेच लागू होतं, भिंत पुन्हा निवडली की १२०० दिसेल.

पण फेसेस की फेसेस ऑफ कोअर, हे नकाशा कोणासाठी आहे त्यावर ठरवा. गवंड्याला वीटकामाचं माप लागतं. त्याने आखणी करायची ती विटेच्या कडेवर, गिलावा नंतर चढतो. तुमच्या न्हाणीघरात गिलावा धरून १२०० हवे तर वीट ते वीट १२२४ आखावं लागेल. १२०० च वीटकामावर आखलं तर गिलाव्यानंतर ११७६ उरतात, आणि टाइल, तिचा मसाला मिळून दर बाजूला विटेपासून ३० धरले तर ११४०. राष्ट्रीय इमारत संहितेत न्हाणीघराचं किमान माप १५०० × १२०० आहे, म्हणजे १२०० वर काम करताना ढील नाहीच. वर्किंग ड्रॉइंग करताना फेसेस ऑफ कोअर, फर्निचर आणि टाइलचा लेआउट करताना फेसेस, असं बदलत राहायला हरकत नाही. काढलेलं काही हलत नाही, फक्त मोजायची जागा बदलते.

एक मात्र लक्षात घ्या, ही सेटिंग प्रोजेक्टच्या फाइलमध्ये राहते. दुसरी फाइल उघडलीत की तिथे तिची स्वतःची असेल. रोजच्या कामाला हवी असेल तर ऑफिसच्या टेम्प्लेटमध्ये करून ठेवा.

---

गुण्या

ओळंबा यांच्या उत्तरात एक जोडतो. सेंटरलाइन्स आणि सेंटर ऑफ कोअर एकच समजू नका. तुमच्या बाहेरच्या भिंतीला बाहेरून २० आणि आतून १२ आहे. पूर्ण भिंतीचा मध्य बाहेरच्या पृष्ठभागापासून १३१ वर, विटेचा मध्य १३५ वर. ४ मिमीचा फरक. पडदीला दोन्हीकडून १२ असल्यामुळे तिथे हे दोन्ही मध्य एकच, म्हणून चूक काही खोल्यांत दिसते आणि काहींत नाही. स्ट्रक्चरच्या माणसाने ग्रिड विटेच्या मध्यावर धरली आणि तुम्ही भिंतीच्या मध्यावर, तर दोन नकाशे ४ मिमीने कुरकुरत राहतात आणि कारण कोणाला सापडत नाही.

याचंच दुसरं रूप लोकेशन लाइनचं, म्हणजे भिंत ज्या रेषेवर काढली जाते तिचं. भिंत वॉल सेंटरलाइनवर काढली आणि नंतर स्पेसबारने उलटी केली, तर २० चा गिलावा आत येतो आणि वीट ८ मिमी सरकते. ४ इकडून ४ तिकडे. कोअर सेंटरलाइनवर काढली असेल तर वीट जागेवर राहते, फक्त गिलावे बाजू बदलतात. असमान थरांच्या भिंती कायम कोअरच्या संदर्भाने काढाव्यात.

आणखी एक घोळ: भिंत काढत असताना तिच्या लांबीचा जो आकडा धावतो तो तुमच्या दोन क्लिकमधला, म्हणजे लोकेशन लाइनवरचा असतो. टेम्पररी डायमेन्शन्सच्या खिडकीत फेसेस केलं म्हणून तो आतली मोकळी लांबी दाखवेल असं नाही. खोली आतल्या मापाने काढायची असेल तर लोकेशन लाइन फिनिश फेस: इंटीरियर ठेवा आणि आतल्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओढा. माऊसने नेमका आकडा पकडायच्या भानगडीत पडू नका. दिशा दाखवा, की-बोर्डवर १२०० टाइप करा, एंटर.

---

दोन_पडदे

आकड्यांचा आकार: फाइल, ऑप्शन्स, ग्राफिक्स. तिथे टेम्पररी डायमेन्शन टेक्स्ट ॲपिअरन्स असा भाग आहे. साइझ मुळात ८ असतो. ४के वर १२ ते १४ ठेवा. त्याच्या खाली बॅकग्राउंड: ट्रान्सपरंट किंवा ओपेक. विटांचं हॅच किंवा टाइलचा पॅटर्न असलेल्या प्लॅनवर ओपेक करा, नाहीतर निळा आकडा रेघांत बुडतो आणि ६ चा ८ वाचला जातो. फार मोठा साइझ केलात तर छोट्या खोल्यांत आकडे एकमेकांवर चढतात, तेव्हा १४ च्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

ही सेटिंग तुमच्या मशीनची आहे, प्रोजेक्टची नाही. शेजारच्या टेबलावर तीच फाइल उघडली तर तिथे ८ च दिसेल.

---

एफ_बारा

ऑटोकॅडमध्ये एफ१२ दाबलं की कर्सरजवळचे आकडे बंद. रेव्हिटमध्ये तशी की कुठली? नवा_नकाशा यांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलंच नाही.

---

ओळंबा

नाही. रेव्हिटमध्ये तात्पुरती मापं पूर्ण बंद करायचं बटणच नाही. व्ही-जी (व्ह्यूमध्ये काय दिसावं याची खिडकी) मध्ये जाऊन ॲनोटेशन कॅटेगरीजमधून डायमेन्शन्सची खूण काढलीत तर कायमची मापं जातात, निळी जात नाहीत, कारण ती त्या कॅटेगरीत मोडत नाहीत. काही जण ऑप्शन्समध्ये साइझ अगदी बारीक करून ती 'लपवतात'. माझ्या मते हा वाईट उपाय. आकडा दिसत नसला तरी क्लिक होतो, आणि चार दिवसांनी भिंत का सरकली हे शोधत बसावं लागतं.

ती प्रिंटमध्ये येत नाहीत, त्यामुळे कागदाची काळजी नाही. स्क्रीनवर दाखवताना त्रास होत असेल तर काहीही निवडलेलं ठेवू नका, एस्केप दोनदा. वस्तू निवडलेली नसेल तर मापही नसतं. खरा त्रास निवडताना वस्तू चुकून ओढली जाण्याचा असतो आणि त्याला वेगळा उपाय आहे: खाली उजव्या कोपऱ्यात निवडीची जी चिन्हं आहेत त्यातलं ड्रॅग एलिमेंट्स ऑन सिलेक्शन बंद करा. मग निवडण्याच्या क्लिकबरोबरच भिंत ओढली जात नाही. तिथेच पिन केलेल्या वस्तू निवडू न देण्याचंही चिन्ह आहे. ग्रिड आणि लेव्हल्स पिन करून ते बंद केलं की त्यांची मापं समोर येणंच थांबतं.

ऑटोकॅडचा विषय निघालाच आहे तर: एफ१२ ही चालू-बंदची की, आणि नुसती दाबून धरली तर तेवढ्यापुरतं बंद. कमांड लाइनवर डायनमोडला (DYNMODE) ० दिलं की सगळं बंद, १ म्हणजे फक्त पॉइंटर इनपुट, २ म्हणजे फक्त मापाचं इनपुट, ३ म्हणजे दोन्ही. डायनॅमिक इनपुट चालू असताना दुसरा बिंदू आपोआप सापेक्ष धरला जातो, बंद केल्यावर ॲटचं चिन्ह स्वतः टाकावं लागतं. हे विसरल्यामुळे रेघ थेट मूळबिंदूच्या दिशेने पळते आणि लोक ऑटोकॅडला शिव्या घालतात.

---

दोन_पडदे

दोन भिंती निवडल्यावर मापं गायब: वर ऑप्शन्स बारवर ॲक्टिव्हेट डायमेन्शन्स असं बटण येतं, ते दाबा. मोठ्या मॉडेलमध्ये एकच वस्तू निवडली तरी कधी कधी मापांऐवजी हे बटण येतं. आजूबाजूचे सगळे संदर्भ शोधत बसायला लागू नये म्हणून रेव्हिट ते काम तुमच्या परवानगीपर्यंत पुढे ढकलतं.

आणि ज्यांना मापं नकोच असतात त्यांच्यासाठी हीच पळवाट: भिंतीबरोबर कंट्रोल धरून आणखी एक वस्तू निवडा, निळी मापं जातात.

---

नवा_नकाशा

सगळ्यांचे आभार. फेसेस केलं, १२०० दिसलं. साइझ १३, ओपेक. आता तीन नव्या अडचणी.

एक, स्वयंपाकघराची भिंत निवडली की माप जवळच्या पडदीपर्यंत न जाता भलत्याच भिंतीपर्यंत जातं. दोन, हॉलच्या एका भिंतीला समांतर भिंतीपर्यंतचं मापच येत नाही, फक्त कोन ९०.००° दाखवतं. तीन, डाउनलोड केलेलं एक दार आहे, ओपनिंग्ज केलं तरी त्याचं माप चौकटीच्या बाहेरच्या पट्टीपासून येतं. माझं ९०० चं दार कोपऱ्यापासून १०० सोडून बसवायचं आहे.

---

गुण्या

पहिली अडचण: मापाच्या दोन्ही टोकांना निळं टिंब असतं. ते टिंब धरून हव्या त्या भिंतीवर ओढा, भिंत उजळली की सोडा. ओढताना टॅब दाबत राहिलं की त्याच भिंतीचे मध्य, पृष्ठभाग, कोअरच्या कडा एकामागून एक उजळतात. भिंत तीच हवी पण जागा वेगळी हवी असेल तर ओढायचीही गरज नाही, टिंबावर नुसतं क्लिक करत राहा. दर क्लिकला माप पुढच्या संदर्भावर उडी मारतं. सेटिंग फेसेस असताना एखाद्याच ठिकाणी मध्य हवा असेल तर हाच मार्ग, सेटिंग बदलून परत आणायचा उपद्व्याप नको.

भलत्या भिंतीकडे जाण्याचं कारण बहुतेक वेळा जवळची पडदी त्या व्ह्यूमध्ये लपलेली असणं हेच असतं. एच-एच करून काही लपवलंय का ते पाहा. व्ह्यूभोवती निळसर चौकट दिसत असेल तर आहे. एच-आर ने परत आणा.

दुसरी: ९०.००° वर विश्वास ठेवू नका. कोनाचा दशांश दोन आकड्यांवर थांबवलेला आहे. यू-एन दाबा, प्रोजेक्ट युनिट्समध्ये अँगलचं राउंडिंग चार-पाच दशांशांपर्यंत वाढवा आणि भिंत पुन्हा निवडा. ८९.९९ च्या पुढे काहीतरी शेपूट दिसेल. दोन रेघा समांतर नसतील तर रेव्हिट त्यांच्यात अंतराचं माप देऊच शकत नाही, म्हणून फक्त कोन उरतो. वॉर्निंगच्या यादीत 'स्लाइटली ऑफ ॲक्सिस' असलेली नोंद सापडेल, ती हीच भिंत. डीडब्ल्यूजीवरून (ऑटोकॅडची फाइल) रेघा पकडून भिंती काढल्या की हा रोग हमखास होतो, कारण मूळ नकाशातली रेघच वाकडी असते.

उपाय म्हणून कोनावर क्लिक करून ९० टाइप करा. नाही जमलं तर ए-एल (अलाइन) घेऊन आधी सरळ असल्याची खात्री असलेली ग्रिड, मग ही भिंत. अलाइन झाल्यावर उघडं कुलूप दिसतं ते बंद करू नका.

---

लाइनदोरी

कुलपाबद्दल गुण्या यांनी एका ओळीत सांगितलं, पण तिथे लोक फार अडकतात. अलाइननंतर कुलूप लावलं की ते बंधन कायमचं होतं. मग पुढे कधीतरी तुम्ही तात्पुरत्या मापावर नवा आकडा टाकता आणि 'कन्स्ट्रेंट्स आर नॉट सॅटिस्फाइड' येतं. तिथे रिमूव्ह कन्स्ट्रेंट्सचं बटण असतं, ते विचार न करता दाबलं तर नेमकी कुठली बंधनं तुटली ते कळत नाही. आधी कॅन्सल करा. खाली व्ह्यू कंट्रोल बारवर रिव्हील कन्स्ट्रेंट्सचं चिन्ह आहे, ते दाबलं की बंधनं लाल दिसतात आणि बाकीचं फिकं होतं. नको ते बंधन निवडून तेवढंच काढा, मग आकडा टाइप करा.

आता तुमचं दार. ओपनिंग्जची सेटिंग बरोबर आहे, फॅमिली (दाराचा तयार नमुना) चुकीची बांधलेली आहे. तात्पुरतं माप कुठे चिकटायचं हे दाराच्या फॅमिलीतल्या रेफरन्स प्लेनवर (संदर्भाच्या रेषांवर) ठरतं. प्रत्येक प्लेनला प्रॉपर्टीजमध्ये 'इज रेफरन्स' असतं. स्ट्राँग रेफरन्स असेल तर निवडल्यावर माप त्याला चिकटतं. वीक असेल तर तात्पुरतं माप तिथे जात नाही, कायमचं माप देताना टॅबने तो सापडतो. नॉट अ रेफरन्स असेल तर प्रोजेक्टमध्ये तो दिसतच नाही. आणि लेफ्ट, राइट, सेंटर (लेफ्ट/राइट) अशी नावाची ठिकाणंही आहेत, ती स्ट्राँगसारखीच वागतात.

डाउनलोड केलेल्या दारांत पट्टीच्या, हँडलच्या प्लेनला कोणीतरी स्ट्राँग करून ठेवलेलं असतं. दार निवडा, एडिट फॅमिली. प्लॅनमध्ये पट्टीची प्लेन निवडून इज रेफरन्स वीक करा. वीटकामातल्या भगदाडाच्या दोन कडांच्या प्लेनला लेफ्ट आणि राइट द्या, मध्याच्या प्लेनला सेंटर (लेफ्ट/राइट). विड्थचा पॅरामीटर याच दोन कडांमध्ये आहे ना, तेही तपासा. काही फॅमिलींत विड्थ ही फळीची रुंदी असते आणि चौकट त्याच्या बाहेर. तसं असेल तर तुमचं ९०० चं दार भगदाड १००० च्या आसपास मागेल आणि कोपऱ्यापासूनचे १०० चौकटीने खाल्ले जातील.

सगळ्या दारांना हेच लेफ्ट-राइट ठेवण्याचा मोठा फायदा असा की नंतर दार बदललं, समजा डी१ नावाच्या दाराच्या जागी दुसरी फॅमिली टाकली, तरी कायमची मापं टिकतात, कारण दोन्हींत त्याच नावाचा संदर्भ सापडतो.

---

नवा_नकाशा

दार कळलं, आज करतो. एक आकड्यांचा प्रश्न राहिला. जुन्या नकाशात एक खिडक्यांची ओळ फूट-इंचात आहे, ३'–६" चे तीन कप्पे. रेव्हिटने १०६७, १०६७, १०६७ दाखवलं, आणि एकूण ३२००. बेरीज ३२०१ होते. साइटवरून फोन येणार हे नक्की.

---

दोन_पडदे

३'–६" म्हणजे १०६६.८. तिप्पट ३२००.४. प्रत्येक माप वेगळं गोल केलं की १०६७, एकूण गोल केलं की ३२००. रेव्हिट आतमध्ये पूर्ण दशांश ठेवतं, फक्त दाखवताना गोल करतं, म्हणून निळ्या मापातही हा फरक दिसतो.

जुन्या नकाशात फूट-इंच असतील तर असे आकडे सगळीकडे असणार. ९ इंच २२८.६, साडेचार इंच ११४.३, ६ इंच १५२.४, १०'–६" म्हणजे ३२००.४. तुमच्या भिंती २३० आणि ११५ आहेत, म्हणजे दर भिंतीला १.४ आणि ०.७ चा फरक आधीच आहे. जुना नकाशा जसाच्या तसा गिरवू नका. कप्पे १०६५ किंवा १०७० करून घ्या, आणि उरलेलं एका बाजूच्या वीटकामात टाका.

काम करताना हे लपून राहू नये म्हणून यू-एन मध्ये लांबीचं राउंडिंग एक किंवा दोन दशांशांवर ठेवा. तात्पुरती मापं प्रोजेक्ट युनिट्सप्रमाणे दिसतात, त्यामुळे १०६६.८ लगेच डोळ्यात खुपेल. छापील नकाशावर दशांश नको असेल तर कायमच्या मापाच्या टाइप प्रॉपर्टीजमध्ये युनिट्स फॉरमॅट उघडा, यूज प्रोजेक्ट सेटिंग्जची खूण काढा आणि तिथे दशांश शून्य करा. स्क्रीनवर खरं, कागदावर गोल.

मापावर आकडा टाकताना हिशोब तिथेच करता येतो, बरोबरच्या चिन्हाने सुरुवात करा: =(३२००-२३०)/३ असं टाइप करून एंटर. मिलिमीटरच्या प्रोजेक्टमध्ये ३'६" टाइप केलं तरी चालतं, रेव्हिट बदलून घेतं. पण मग दशांश आलेच.

---

गुण्या

दशांशांचं आणखी एक मूळ: मॅनेज टॅबमधलं स्नॅप्स. तिथे लांबीच्या वाढीच्या पायऱ्या असतात, मेट्रिकमध्ये १०००; १००; २०; ५; अशा. झूमप्रमाणे योग्य ती पायरी रेव्हिट निवडतं: पडद्यावर २ मिमीपेक्षा कमी भरणारी सर्वांत मोठी पायरी. लांबून पाहिलं तर भिंत १०० च्या उड्यांनी सरकते, जवळ गेलं की ५ च्या. एएसी (हलक्या काँक्रीटच्या) ब्लॉकचं काम असेल तर १०००; २००; १००; ५०; १०; अशी यादी सोयीची, अर्धविराम विसरू नका. ही सेटिंगही प्रोजेक्टमध्ये सेव्ह होत नाही, त्या वेळी उघड्या असलेल्या सगळ्या फाइलींना लागू होते.

कोणी वैतागून पायऱ्यांची खूण काढून टाकली असेल तर माऊसने ओढलेली प्रत्येक भिंत ३४४९.७ सारखी निघते. एखाद्याच क्लिकपुरतं स्नॅप नको असेल तर डायलॉगला हात न लावता की-बोर्डवर एस-ओ दाबा. तो एक क्लिक मोकळा, पुढचा पुन्हा स्नॅपवर. लांबच्या भिंतींना चिकटण्याचा त्रास असेल तर स्नॅप्सच्या खिडकीत फक्त एस-आर (स्नॅप टू रिमोट ऑब्जेक्ट्स) ची खूण काढा.

आणि पायऱ्या लांबीला लागतात, जागेला नाही. पहिली भिंत ०.७ वर सुरू झाली असेल तर पुढची छान ३००० लांबीची निघेल आणि तरीही तिचं टोक ०.७ वरच असेल. म्हणून पहिला कोपरा ग्रिडच्या छेदावर.

---

एफ_बारा

ही निळी मापं कायमची करायची झाली तर पुन्हा डी-आय ने द्यावी लागतात का? आणि टेम्पररी डायमेन्शन्समध्ये फेसेस केलं की कार्पेटचं क्षेत्रफळही आतल्या पृष्ठभागापासून मोजलं जातं का?

---

ओळंबा

कायमची करायला पुन्हा द्यायची गरज नाही. निळ्या आकड्याच्या खाली छोटं मापाचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करा. ज्या संदर्भांवर निळं माप होतं तिथेच कायमचं बसतं, म्हणून क्लिक करण्याआधी टिंबं योग्य जागी आहेत का पाहा. डी-आय ने दिलीत तर वेगळी निवड लागते: ऑप्शन्स बारवर भिंतीचे तेच चार पर्याय आहेत, पण त्यांचा टेम्पररी डायमेन्शन्सच्या खिडकीशी काही संबंध नाही. एकीकडे फेसेस आणि दुसरीकडे वॉल सेंटरलाइन्स असं राहून गेलं की निळं माप १२०० आणि छापलेलं १४००.५.

क्षेत्रफळाचाही या सेटिंगशी संबंध नाही. आर्किटेक्चर टॅबवर रूम अँड एरियाच्या शीर्षकावर क्लिक केलं की एरिया अँड व्हॉल्यूम कम्प्युटेशन्स मिळतं. तिथे रूमचं क्षेत्रफळ वॉल फिनिश, वॉल सेंटर, कोअर लेअर की कोअर सेंटरपर्यंत धरायचं ते स्वतंत्रपणे ठरतं. ते वॉल सेंटरवर राहिलं असेल तर खोलीचं क्षेत्रफळ फुगून येतं आणि निळी मापं गुणून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

---

नवा_नकाशा

हॉलची भिंत ८९.९९७३ निघाली, सरळ केली, माप आलं. दाराच्या फॅमिलीत पट्टीची प्लेन नॉट अ रेफरन्स करू का, म्हणजे कटकटच नको?

---

लाइनदोरी

नको, वीक करा. त्या प्लेनला आधी कोणी कायमचं माप दिलेलं असेल आणि तुम्ही नॉट अ रेफरन्स केलंत, तर फॅमिली परत लोड करताना मापांचे संदर्भ अवैध झाल्याचा इशारा येतो आणि ती मापं उडतात. वीक केलं की जुनी मापं राहतात, फक्त नवी आपोआप चिकटायची थांबतात.

लोड इनटू प्रोजेक्ट केल्यावर दोन पर्याय येतील. नुसतं ओव्हरराइट द एक्झिस्टिंग व्हर्जन निवडा. पॅरामीटर व्हॅल्यूजसकटचा दुसरा पर्याय घेतलात तर प्रोजेक्टमध्ये ९०० केलेला डी१ फॅमिलीत जी रुंदी असेल तिच्यावर परत जाईल, आणि कोपऱ्यापासूनचे १०० पुन्हा बसवत बसाल.